नवतप्यातली जिंजर बिअर

इंग्लंडमधल्या पाककृतींत लिहिलेलं असतं, ‘बरणी घरातल्या ऊबदार जागी ठेवा.’ मे महिन्यात, नागपुरात, ही सूचना वाचून माणूस काही वेळ स्वस्थ बसतो.

आमच्या घरात ऊबदार नसलेली जागा एकच, कूलरसमोरची. तिथे सासूबाईंचा दिवाण असतो. बऱ्याच वाटाघाटींनंतर दिवाण भिंतीकडे सरकला आणि झोतात एक स्टूल आलं. स्टुलावर काचेची बरणी, बरणीच्या तोंडाला माझ्या मलमलच्या ओढणीचा तुकडा आणि त्यावर रबर. येणारे-जाणारे आधी ‘आई कशा आहेत?’ विचारायचे, मग स्टुलाकडे बघून आवाज खाली आणत, ‘आणि हे?’

हे प्रकरण आलं लीड्सहून. मुलगा तिथे नोकरीला आहे. जिंजर बिअर, म्हणजे आलं-साखर आंबवून केलेलं फसफसतं पेय, मूळची त्याच यॉर्कशर भागातली, अठराव्या शतकातली, हे त्याने बापाला फोनवर सांगितलं आणि फोन ठेवला. त्याचं काय जातं! आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. निवृत्त बँकवाल्याच्या हाती कुठलाही विषय पडला की पहिल्यांदा वही येते. वहीत रकाने पडले: तारीख, वेळ, आलं, साखर, बुडबुडे, शेरा.

कृती म्हणाल तर काहीच नाही. किसलेलं आलं, साखर आणि पाणी बरणीत घालायचं आणि रोज एक चमचा आलं, एक चमचा साखर असा रतीब घालत राहायचा. आलं मात्र सोलायचं नाही, कारण यीस्ट, म्हणजे आंबवणारे सूक्ष्म जीव, सालीवर असतात. मी जन्मभर आल्याच्या बेचक्यांतली माती चमच्याने खरवडत आले, आणि आता कॉटन मार्केटमधून आणलेलं आलं नळाखाली धरलं की मागून आवाज यायचा, ‘हळू! मरतील ते!’ नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननेही ते मरतात म्हणे. म्हणून एक पातेलंभर पाणी रात्रभर उघडं ठेवायचं. त्या पातेल्यातलं पाणी मी एकदा वरणाला घेतलं, तर वहीत शेरा पडला.

दूध उतू जाताना समोर उभं राहून मला हाक मारणारा, पण गॅस बंद न करणारा हा माणूस. तो पहाटे उठून बरणीला कान लावून बसायला लागला. बुडबुडे आले त्या दिवशी आम्हा दोघींना व्याख्यान झालं. पूर्वी इंग्लंडात घरोघरी ‘जिंजर बिअर प्लँट’ असायचा, बरणीच्या तळाशी पांढरट दाणे. 1892 साली हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की ही वनस्पती नव्हेच. यीस्ट आणि जिवाणू यांचं ते एकत्र कुटुंब आहे, एकमेकांच्या आधाराने राहतं.

सासूबाई जपमाळ थांबवून म्हणाल्या, ‘स्वयंपाक कोण करतं त्यांच्यात?’

ह्या प्रश्नाला वहीत रकाना नव्हता.

माझं म्हणणं जरा वेगळं होतं, पण ते ऐकायला कुणी रिकामं नव्हतं. आत ओट्यावर डोशाचं पीठ फुगत होतं. रात्री लावलेलं विरजण कूलरच्या ह्या भानगडीत जरा जास्तच आंबट होत होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात दही किती वाजता फ्रीजमध्ये टाकायचं हे मला घड्याळ न बघता कळतं. ह्यापैकी कशाचीही नोंद आजवर कुणी केलेली नाही. बाईने आंबवलं की नाश्ता, पुरुषाने आंबवलं की प्रयोग!

मधेच वर्ध्याला लग्न निघालं. बरणी एकटी कशी राहणार, म्हणून ती गाडीत आली, माझ्या मांडीवर, पैठणीवर. बुटीबोरी मागे पडल्यावर माझं लक्ष बरणीवरच्या चिठ्ठीकडे गेलं. ह्यांच्या सुवाच्य बँकी अक्षरात लिहिलं होतं, ‘जिंजर बिअर’, खाली तारीख आणि सही. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. सेवाग्राम तिथलंच. मी म्हटलं, चिठ्ठी काढा. हे म्हणाले, ‘यात अल्कोहोल असतं, पण अगदी थोडं.’ मी म्हटलं, हे वाक्य नाक्यावर तुम्ही बोला, मी बोलणार नाही. शेवटी चिठ्ठी उलटी चिकटवली. मांडवात खादीतल्या एका वयोवृद्ध नातेवाइकांनी बरणी हातात घेऊन हुंगली आणि ‘काढा वाटतं? छान, छान,’ असा आशीर्वाद दिला. मी पदर सावरून उभी. पदराला तोवर आल्याचा वास लागलेला होता आणि फोटोत तो येत नाही, एवढंच समाधान.

मग बाटल्या. ह्यांना गोटी सोड्याच्याच बाटल्या हव्या होत्या, कारण ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने 1872 मध्ये पेटंट केलेली, म्हणजे इंग्रजी पेयाला इंग्रजी बाटली. सोडावाल्याने शांतपणे समजावलं की ही बाटली उलटी धरून मशीनवर दाबाने भरतात, गॅसच गोटीला वर रेटून रबराच्या कडीला चिकटवतो. ‘घरी नाही जमत साहेब. आणि काच फुटली त डोळा जाते.’ डोळ्याचं ऐकून मी भंगारवाल्यासाठी ठेवलेल्या कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटल्या धुऊन दिल्या. आलं उकळून, साखर-लिंबू घालून, गार करून, गाळून, त्यात बरणीतलं कपभर पाणी ओतून बाटल्या भरल्या, वर चार बोटं जागा सोडून. प्लास्टिकचा फायदा असा की बाटली दाबून आतला दाब कळतो. टणक झाली की फ्रीजमध्ये, म्हणजे थंडीने यीस्ट सुस्तावतं. लीड्सला टणक व्हायला बरेच दिवस लागतात. आमच्याकडे बाटल्या वामकुक्षी घेऊन उठेपर्यंत दगड झाल्या. रातोरात फ्रीज रिकामा करण्यात आला. कैरीचं पन्हं शेजारी गेलं, लोणी समोरच्यांकडे गेलं. डोशाच्या पिठाला कुणी थारा देईना, म्हणून दोन्ही वेळा डोसे.

आणि नवतपा लागला, मेअखेरचे ते नऊ भाजके दिवस. पारा पंचेचाळिसावर. भर दुपारी वीज गेली.

पंखा, कूलर थांबले की माणसं जागी होतात. फ्रीज थांबला की यीस्टही जागं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. हे बाटल्या दाबून बघत होते आणि चेहरा उतरत होता. एकदम डोक्याला दुपट्टा गुंडाळला, सगळ्या बाटल्या बादलीत घातल्या आणि गच्चीवर निघाले. गॅस मोकळा करायचा तर मोकळ्या जागेत, असा विचार. गच्चीची फरशी पापड भाजावा इतकी तापलेली असते, हे मी जिन्यातून ओरडून सांगत होते. पण सूचना कनिष्ठाकडून आली की बँकेत ती आधी दाबून ठेवतात.

पहिलं झाकण अर्धंच फिरलं असेल. फवारा पाण्याच्या टाकीच्या वर गेला. दुसरी बाटली पहिलीच्या भीतीने हातातून सुटली आणि गच्चीभर लोळत, चहूकडे तुषार उडवत गेली. कोपऱ्यात खाटेवर, जुन्या साडीवर, खालच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या.

काकू आवाजाने वर आल्या. कुरडयांकडे बघितलं, ह्यांच्या दुपट्ट्यावरून ओघळणाऱ्या आल्याकडे बघितलं. ‘तीन दिवस गहू आंबवला होता हो मी! रोज पाणी बदललं! पहाटे उठून चीक काढला!’

माणसाला अशा वेळी जमिनीने पोटात घ्यावंसं वाटतं. ह्यांचा चेहरा मात्र उजळला. ‘तीन दिवस? किती तापमानाला?’ आणि खिशातून वही निघाली.

त्या कुरडया काकूंनी टाकल्या नाहीत. तळल्यावर साखरेमुळे पटापट काळ्या पडल्या, पण चवीला तिखट-गोड, म्हणजे चक्क बऱ्या. मला हे लिहायला आवडत नाही, पण वाचलेली जिंजर बिअरही उत्तम झाली होती. गोडी बेताची, घशात आल्याची धार, नाकात गॅस. सासूबाईंनी पेलाभर घेतली, घर दणाणेल असा ढेकर दिला, आणि स्टूल आहे तिथेच राहू द्या म्हणाल्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण लीड्सहून पुन्हा फोन आला. तिथल्या जुन्या रीतीप्रमाणे बरणीतला गाळ दर आठवड्याला अर्धा करायचा, अर्धा आपण ठेवायचा, अर्धा शेजारी द्यायचा. रीत म्हटल्यावर हे पाळणारच. आधी काकू, मग समोरचे, मग सकाळी फिरायला येणारे मित्र. प्रत्येकाला बरणी, ओढणीचा तुकडा आणि रकाने आखलेला एक कागद. माझी ती ओढणी संपली. मित्र हल्ली बागेच्या दुसऱ्या फाटकाने येतात. समोरच्यांनी दाराला जादूई डोळा बसवून घेतला आहे, आणि आम्ही बेल वाजवली की आत टीव्हीचा आवाज बंद होतो.

शेवटची बरणी चौकीदाराने घेतली. बिचारा नाही म्हणू शकला नाही. काल सकाळी तो दारात उभा होता, दोन्ही काखांत एकेक बरणी, दोन्हींवर नीट बांधलेलं फडकं.

‘साहेब, तुमच्या एकाच्या दोन झाल्या ना जी. तुम्हीच म्हटलं होतं, एक शेजाऱ्याला द्यायची. मले त शेजारी तुम्हीच.’