माद्रिदहून: जकार्त्याच्या विजयाचे नाणे

नाशिकरोडच्या आमच्या शाळासोबत्यांत सध्या एक वाद रंगला आहे. १९६२ साली जकार्त्याच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले, त्याचे स्मारक नाणे केंद्र सरकारने काढावे, असे एकाने सुचवले आणि लगेच दोन हरकती आल्या. जागतिक क्रमवारीत शंभराच्याही मागे असलेल्या संघाचे कसले नाणे, ही पहिली. आणि त्यापेक्षा मुलांना धड मैदान द्या, ही दुसरी.

पहिली हरकत मला मुळीच पटत नाही. माद्रिदमध्ये माझ्या शेजारी राहणाऱ्या आजींच्या काचेच्या कपाटात २० युरोचे एक चांदीचे नाणे आहे. २०१० चा विश्वचषक जिंकल्यावर स्पेनने ते काढले आणि आजींनी ते बँकेत २० युरो मोजूनच घेतले. नाणे तळहातावर ठेवून त्या सांगतात मात्र १९६४ ची गोष्ट: याच शहरात सोव्हिएत संघाविरुद्ध स्पेनच्या मार्सेलिनोने डोक्याने मारलेला गोल आणि हाती आलेला युरोपचा चषक. त्यानंतरचे मोठे विजेतेपद थेट २००८ साली आले. मधली ४४ वर्षे संघाला मोठा चषक मिळाला नाही, म्हणून कुणी १९६४ ची आठवण अडगळीत टाकली नाही.

आमचा १९६२ चा विजय त्याहून कमी मोलाचा नव्हता. ज्या दक्षिण कोरियाकडून साखळीत ०-२ अशी हार पत्करली, त्यालाच अंतिम सामन्यात २-१ ने हरवले, तेही यजमान देशाशी झालेल्या राजकीय वादामुळे भारताविरुद्ध खवळलेल्या प्रेक्षकांसमोर. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेल सिंगांचा. जर्नेल मूळचे बचावपटू. डोक्याला टाके पडलेले असतानाही प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना आघाडीला खेळवले. रहीम स्वतः कर्करोगाने आजारी होते आणि पुढच्याच वर्षी गेले. कर्णधार चुनी गोस्वामी आणि बॅनर्जी २०२० साली गेले. हे दोघे हयात असतानाच हे नाणे निघायला हवे होते, याची मला मनापासून खंत वाटते.

विजयाचे नाणे ही कल्पना नाशिककरांना परकी वाटू नये. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. खालचा क्षत्रपाचा चेहरा काही नाण्यांवर अजून पुसट दिसतो. विजयाची वार्ता गावोगावी पोहोचवायला हातोहात फिरणाऱ्या नाण्याइतके चांगले साधन त्या काळी दुसरे कोणते होते?

मैदानाची हरकत खरी आहे. इथे वस्तीतल्या मैदानावर संध्याकाळी दिवे लागतात आणि मुली-मुले सराव करतात, ते पाहताना मला घरची मैदाने आठवतात. परंतु नाणे काढले नाही म्हणून मैदानाला पैसा मिळेल, असे आजवर कधी घडलेले नाही.

माझा आग्रह वेगळाच आहे. आपल्याकडे स्मारक नाणी बहुधा संग्राहकांसाठी दर्शनी मूल्याहून कितीतरी अधिक किमतीला विकली जातात. १९८२ च्या दिल्ली एशियाडचे दोन रुपयांचे नाणे मात्र वाण्याने सुट्ट्या पैशांत दिले होते आणि वडिलांनी ते डब्यात जपले. जकार्त्याचे नाणेही तसेच चलनात यावे, आणि त्यावर टाके पडलेल्या डोक्याचा जर्नेल असावा.