माशाच्या रक्तातले ते ‘किडे’ किडे नाहीत

गेल्या रविवारी मासेवाल्या मावशी सांगलीतल्या आमच्या दारावरून भरल्या पाटीनिशी परत गेल्या. सासूबाईंनी त्यांना उंबऱ्यावरूनच नको म्हटले आणि मोबाइल माझ्यापुढे धरून विचारले, “अगं, तू कॉलेजात हेच शिकवतेस ना? मग हे खरं का?” माझी धाकटी जाऊ सातव्या महिन्यात आहे. मागच्याच आठवड्यात तिने राहूचे कालवण खाल्ले होते आणि हा संदेश वाचल्यापासून ती कोणाशी धड बोलत नव्हती.

‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असे लेबल मिरवणाऱ्या त्या संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. कृष्णेतल्या माशांचा डीएनए प्रदूषणाने तुटल्याचे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. सोबतच्या छायाचित्रात त्या माशांच्या रक्तातले चमकणारे, शेपटीवाले किडे दिसतात. असा मासा खाल्ला की तुटलेला डीएनए आईच्या रक्तातून पोटातल्या बाळात जातो. मध्यंतरी नदीत तरंगताना दिसलेले मासे डीएनए तुटल्यामुळेच मेले, तेव्हा तरंगलेला मासा खाऊ नये. एकदा तुटलेला डीएनए पुन्हा जुळत नाही, म्हणून नदी आता पन्नास वर्षांसाठी गेली. शेवटी, लिंबू पिळल्यावर मांस निळसर झाले तर मासा दूषित समजावा.

छायाचित्रापासून सुरुवात करते, कारण घरातल्या सगळ्यांना धडकी भरली ती त्याच्यामुळे. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवट चमकणारे गोळे आणि त्यांच्या मागे धूसर शेपट्या, असे ते चित्र आहे. हे किडे नाहीत, जंत नाहीत आणि कोणत्याही जिवंत माशाच्या अंगात ते असे कधी दिसणारही नाहीत. ही ‘कॉमेट’ नावाची चाचणी आहे. कॉमेट म्हणजे धूमकेतू, आणि नाव पडले ते या शेपटीवरूनच. माशाच्या रक्ताचा एखादा थेंब घेऊन त्यातल्या पेशी काचपट्टीवर ॲगरोजच्या पातळ, जेलीसारख्या थरात बसवतात. मग क्षार आणि डिटर्जंट यांच्या द्रावणात पेशींची आवरणे विरघळवतात, तीव्र अल्कलीत डीएनएचे पीळ उलगडू देतात आणि काही मिनिटे विजेचा प्रवाह सोडतात. डीएनएवर ऋण भार असल्याने तो धन टोकाकडे ओढला जातो. अखंड डीएनए जड असल्यामुळे जवळपास जागेवरच राहतो, तर तुटलेले तुकडे आणि सैल झालेले धागे पुढे सरकतात आणि शेपटी तयार होते. हिरवा किंवा नारिंगी रंग वरून घातलेल्या रंगद्रव्याचा असतो. म्हणजे ज्याला संदेशकर्ता किडा म्हणतो, ती विरघळवून मारलेल्या एकाच पेशीची माणसाने मुद्दाम पसरलेली आतडी आहेत, असे म्हटले तरी चालेल. स्वीडनमध्ये १९८४ मध्ये ही कल्पना प्रथम मांडली गेली आणि १९८८ मध्ये नरेंद्र सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला आजचे अल्कलीचे रूप दिले. अशा हिरव्या गोळ्यांची चित्रे तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत छापली जात आहेत आणि कोणीही ती उचलून खाली ‘कृष्णा नदी’ असे लिहू शकतो.

आणखी एक गोष्ट संदेशात सोयीने गाळलेली आहे. थोडीशी शेपटी निरोगी माशाच्या पेशींनाही असते. नमुना उन्हात राहिला, आणताना गरम झाला किंवा काच प्रखर उजेडात हाताळली गेली, तरी शेपट्या वाढतात. म्हणूनच एका काचेच्या चित्राला स्वतःचा असा काहीच अर्थ नसतो. त्याच जातीच्या, साधारण त्याच आकाराच्या, स्वच्छ पाण्यातल्या माशांच्या पेशी त्याच दिवशी, त्याच हातांनी तपासून शेजारी ठेवल्या, तरच फरक बोलू लागतो. ‘डीएनए टेस्ट’ म्हटले की आपल्याकडे लोकांना बाप कोण हेच आठवते आणि एका अहवालात हो किंवा नाही असा निकाल अपेक्षित असतो. ही चाचणी तशी नाही, तिचा निष्कर्ष तुलनेतून निघतो.

आता अर्धे खरे आहे ते मान्य करायला हवे, मग ते कितीही जिवावर आले तरी. प्रदूषक द्रव्यांनी माशांचा डीएनए खरोखर तुटतो. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोतील शास्त्रज्ञांनी मरळीच्या कुळातल्या ठिपकेदार लहान माशाला क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मिसळलेल्या पाण्यात ठेवून २००८ मध्ये हे दाखवून दिले. उसातल्या हुमणीसाठी वापरले जाते तेच हे औषध. त्यांनी कॉमेटबरोबर सूक्ष्मकेंद्रक चाचणीही केली आणि औषधाची मात्रा वाढली तसे नुकसान वाढलेले दिसले. सूक्ष्मकेंद्रक चाचणी तर साध्या सूक्ष्मदर्शकावरही होते. आपल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसते, पण माशांच्या, बेडकांच्या आणि पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत असते, आणि पेशी विभागताना गुणसूत्राचा एखादा तुकडा मागे राहिला तर मोठ्या केंद्रकाशेजारी टिकलीएवढा छोटा ठिपका दिसतो. हजारो पेशी पाहून असे ठिपके मोजायचे असतात. काम कंटाळवाणे आहे, पण त्यासाठी मासा मारावा लागत नाही. तेव्हा चाचणी खोटी आहे असे मी म्हणत नाही. कोणता मासा, नदीच्या कोणत्या टप्प्यातला, कोणत्या महिन्यातला आणि कशाशी तुलना करून तपासलेला, यांपैकी एकही गोष्ट त्या संदेशात नाही, एवढेच म्हणते.

बाळाबद्दलचा दावा मात्र नुसता चुकीचा नाही, तो दुष्ट आहे. डीएनए आपण रोज खातो. मेथीच्या भाजीत तो असतो, डाळीत असतो, कोथिंबिरीत असतो, आणि मेथी खाऊन आजवर कोणाला पाने फुटलेली नाहीत. खाल्लेला डीएनए, अखंड असो वा तुटका, स्वादुपिंडाच्या पाचकरसातील विकरे त्याचे आणखी बारीक तुकडे करतात आणि शरीर ते तुकडे कच्चा माल म्हणून वापरते. माशाच्या पेशीतला तुटलेला डीएनए हा रोगजंतू नाही की तो एका अंगातून दुसऱ्या अंगात जाईल. भीती बाळगायचीच असेल तर ती तुटलेल्या डीएनएची नव्हे, तो तोडणाऱ्या द्रव्याची बाळगावी. माशाच्या अंगात साठणारा पारा गर्भापर्यंत पोहोचतो, हे जपानमधील मिनामाता येथे जगाने पाहिले आहे, आणि काही टिकाऊ कीटकनाशके माशाच्या चरबीत साठतात. परंतु ही द्रव्ये मोजण्यासाठी मांसाचे रासायनिक विश्लेषण करावे लागते, रक्तपेशींच्या शेपट्या पाहून ताटातला मासा खाण्याजोगा आहे की नाही हे सांगता येत नाही. हे सगळे मी जावेला सावकाश समजावून सांगितले, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “मग वहिनी, हे लिहिणाऱ्याला काय मिळतं?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

तरंगणाऱ्या माशांचे कारण बहुतेक वेळा फार साधे असते. मळीमिश्रित पाणी किंवा सांडपाणी नदीत मोठ्या प्रमाणात आले की ते कुजवणारे जीवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, पहाटे तो सर्वांत कमी असतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करत गुदमरतात. एका रात्रीत मेलेल्या माशाच्या डीएनएला दोष देणे म्हणजे बुडालेल्या माणसाच्या कुंडलीत कारण शोधण्यासारखे आहे. मात्र असा तरंगलेला मासा खाऊ नये, हे संदेशातले एक वाक्य बरोबर आहे.

‘कधीच जुळत नाही’ हे तर शाळकरी पातळीवरही टिकत नाही. औदुंबरच्या घाटावर भर दुपारी तासभर बसलेल्या माणसाच्या कातडीतल्या डीएनएलाही इजा होते आणि पेशी तिची बरीचशी दुरुस्ती करतात. या दुरुस्तीची यंत्रणा उलगडल्याबद्दल २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले. नदीपुरते बोलायचे, तर अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ब्लॅक नदीचे उदाहरण पुरेसे आहे. तिच्या काठी कोळशापासून कोक बनवणारा कारखाना होता. त्यातून सुटणारी, यकृतात गेल्यावर डीएनएला चिकटणारी संयुगे गाळात साठली होती आणि तिथल्या मिशाळ माशांच्या यकृतात मोठ्या प्रमाणावर कर्करोग आढळत होता. १९८३ मध्ये कोक भट्ट्या बंद झाल्या. १९८७ पर्यंत गाळातली ती संयुगे झपाट्याने घटली आणि यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण १९८२ च्या सुमारे पाव भागावर आले. पुढे १९९० च्या सुमारास गाळ उपसताना तो ढवळला गेला, तेव्हा ते काही काळ पुन्हा वाढले. पन्नास वर्षे नव्हे, चार-पाच वर्षांत एवढा फरक पडला, आणि तो सांडपाणी थांबल्यामुळे पडला, लोकांनी मासे खाणे सोडल्यामुळे नाही.

लिंबाचे म्हणाल, तर डीएनए तुटल्याने मांस निळे पडत नाही. लिंबू माशाला लावावे, पण हिंगुसपणा जाण्यासाठी.

ज्यांना कृष्णेची खरोखर काळजी आहे, त्यांनी हा संदेश पुढे पाठवण्याऐवजी तपासणी मागावी आणि ती नेमकी मागावी. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू असताना, एकाच दिवशी, सांगलीचे सांडपाणी आणणारा शेरीनाला नदीला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला एकाच जातीचे मासे पकडून त्यांच्या रक्ताच्या काचा कराव्यात आणि मोजणाऱ्याला कोणती काच कुठली हे कळू देऊ नये. हंगामातली काच पावसाळ्यातल्या काचेशी ताडून पाहण्याचा मोह टाळावा, कारण पाण्याचे तापमान बदलले की हे आकडेही बदलतात. मासे पकडायला मावशींच्या घरचे लोक आहेतच. पुढच्या रविवारी त्या आल्या, तर मी त्यांना विचारणार आहे.