पंधराचे साठ करून टाका म्हणे

आज कॉलेजच्या समितीत टाइमटेबल ठरवायला बसलो होतो. एफवायच्या दोन क्रेडिटच्या सेमिनारचा विषय निघाला आणि अर्ध्या मिनिटात निकालही लागला. "१५-१५ चे गट कशाला? ६०-६० चे दोन करा, हॉल मोठा आहे." झालं. चहा आला.

हॉल मोठा आहे हेच तर दुखणं आहे हो!

आपल्याकडे सेमिनार म्हणजे काय, तर पोरगं पीपीटी घेऊन उभं राहणार, इंटरनेटवरून उचललेल्या दहा स्लाइडा वाचून दाखवणार, शेवटी गुलाबाचं फूल आणि 'थँक्यू', टाळ्या, इंटरनलला दहापैकी आठ. मागच्या बाकांवर मोबाइल. त्याला सेमिनार नका म्हणू, पाठांतराची स्पर्धा म्हणा. खरा सेमिनार म्हणजे एकच मजकूर सगळ्यांनी वाचून यायचं आणि त्याच्याशी भांडायचं, एवढा साधा प्रकार आहे हा. हार्वर्डने १९५९ मध्ये पहिल्या वर्षासाठी सुरू केला, गट साधारण बाराचा आणि निकाल नुसता पास-नापास. त्यांच्याकडे पैसा आहे, मान्य. पण बाराचा आकडा काही पैशातून आलेला नाही. गणित करा. दोन तास म्हणजे १२० मिनिटं. पहिली दहा मजकूर पुन्हा डोळ्यांखालून घालायला, शेवटची दहा लिहायला. उरली १००. पंधराजणांत प्रत्येकाला साडेसहा मिनिटं. साठांत दीड मिनिट, तेवढ्यात पोराचा घसासुद्धा साफ होत नाही.

मागच्या वर्षीच्या गटातली एक मुलगी सारखी आठवते आहे. एसटीने येणारी, मराठी माध्यमाची. चार आठवडे तोंडातून अक्षर नाही. पाचव्या आठवड्याला जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनला, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगाला, दिलेलं निवेदन होतं, मराठी अनुवादातली सहा पानं. महसूल रयतेच्या घामाचा आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, त्यापेक्षा निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, हे त्यात आहे. वाचून प्रत्येकाने एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणायचा होता. बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांवर 'फुले थोर समाजसुधारक होते'. हिच्या चिठ्ठीवर चार शब्द: "मग ऐकलं का त्यांनी?"

पुढचा सगळा वेळ त्या चार शब्दांनी खाल्ला. पोरांनीच फळ्यावर सनावळी मांडली. १९११ ला गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, १९१२ ला ते फेटाळलं गेलं. १९१७ ला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचं मोफत शिक्षण केलं. कुणीतरी वजाबाकी केली, ३५ वर्षं.

१२० च्या डिव्हिजनमध्ये ही मुलगी नुसता रोल नंबर असते.

आता ज्यांना खरंच हे करायचंय त्यांच्यासाठी. दोन तास सलग हवेत. ५० मिनिटांचे दोन तुकडे दिले तर वादाला तोंड फुटतं तोवर घंटा होते. मजकूर सहा पानांचा, फार तर आठ. वीस पानं दिलीत तर कुणी वाचणार नाही, संध्याकाळी सातला घरी पोचणाऱ्या पोराकडून ती अपेक्षाच चूक. झेरॉक्स काढताना दर पाचव्या ओळीला आकडा टाका. 'ओळ ४५ बघा' म्हणता आलं की हवेतल्या गप्पा बंद होतात. दारातच प्रत्येकाकडून हाताने लिहिलेल्या एका प्रश्नाची चिठ्ठी घ्यायची, भाषा कुठलीही. चिठ्ठी नसेल तर घरी पाठवू नका, पुढच्या वेळी ते पोर येणारच नाही. बाहेर व्हरांड्यात पंधरा मिनिटं वाचायला बसवा, मग आत घ्या.

आणि गप्प बसा! हे सगळ्यात अवघड. प्रश्न टाकून मनात दहापर्यंत मोजायचं. आपल्याला तीनच्या पुढे शांतता सोसत नाही, मग उत्तर आपणच देतो, आणि विसाव्या मिनिटाला सेमिनारचं लेक्चर झालेलं असतं.

पंधरातही दोघंजण सगळा तास खाऊन टाकतात, खरंय. त्यावर आगपेटीच्या काड्या. प्रत्येकाला तीन, बोललात की एक टेबलावर. काड्या संपल्या की ऐकायचं. बालिश वाटतं, पण चालतं. बाकं जमिनीला ठोकलेली असतील तर मात्र सगळंच मुसळ केरात. एकमेकांच्या पाठीशी काय बोलणार? वाचनालयातली दोन लांब टेबलं जोडा.

"वर्कलोड कुठून आणायचा?" हा प्रश्न खोटा नाही. १२० चे आठ गट, प्रत्येकी दोन तास, म्हणजे आठवड्याला १६ तास. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) हिशेबात एका सहायक प्राध्यापकाचा अख्खा आठवडा. जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरच्यांना आधीच पिळून घेतलेलं. पण म्हणून साठ? चौघांनी दोन-दोन गट घेतले तर माणशी चार तास होतात. तेही जमत नसेल तर निम्मे गट या आठवड्याला, निम्मे पुढच्या. तास निम्मे होतील, क्रेडिटही एकच मिळेल. मिळू दे. गट मोठा करू नका एवढंच मागणं आहे.

रागारागात लिहायला घेतलं, आता जरा निवळलंय. समितीतली माणसं वाईट नाहीत. त्यांनी असा तास पाहिलेलाच नाही. आपल्याला तरी कुणी असं शिकवलं होतं?

त्या तासानंतर त्या मुलीने काड्या कधीच उरवल्या नाहीत, जाता जाता सांगतो.

तर टाइमटेबलात साठ तर साठ. एक गट मी कॉलेज सुटल्यावर चालवणार, सोमवारी ३ ते ५, वर्तमानपत्रांच्या खोलीत. पंधरा प्रती, नव्वद पानं, झेरॉक्स माझ्याकडून. खोलीत टेबल एकच आहे. कुणाकडे लांब टेबल पडून असेल तर कळवा, टेम्पोचं मी बघतो.