एलिस आयलंड टाळायला सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांच्या व्हॉट्सॲप गटांत दर उन्हाळ्यात एक संदेश फिरतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंडसाठी (जेथे पूर्वी जहाजाने आलेल्या स्थलांतरितांची तपासणी होई आणि आता संग्रहालय आहे) वेगळे तिकीट काढावे लागते आणि अख्खा दिवस मोडतो, त्यापेक्षा स्टॅटन आयलंडची फुकट बोट घ्यावी, म्हणजे सगळे पाहून होते, त्या बेटावरून बहुतेकांना परत पाठवत आणि उरलेल्यांची नावे अधिकारी परस्पर बदलत, आणि तो सारा युरोपियनांचा इतिहास असल्याने भारतीयांना तेथे पाहण्यासारखे काही नाही. पैसे आणि पायपीट वाचवण्याचा हेतू चांगला असला, तरी यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे, आणि त्यावर विसंबून लोक एका फार मोलाच्या जागेला मुकतात.

तिकिटाचा मुद्दा सर्वांत सोपा आहे. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा आणि एलिस आयलंड ही दोन्ही बेटे राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहेत आणि दोन्हींवर प्रवेश विनामूल्य आहे. पैसे पडतात ते बोटीचे, आणि त्या एकाच तिकिटात दोन्ही बेटे येतात. पुतळ्याच्या चौथऱ्यात किंवा मुकुटापर्यंत चढायचे असेल तरच वेगळे आरक्षण लागते, आणि मुकुटाचे तर बरेच महिने आधी करावे लागते. दोन्ही बेटांवर प्रवासी उतरवण्याची परवानगी असलेली बोटकंपनी एकच आहे, स्टॅच्यू सिटी क्रूझेस. बोट सुटते त्या मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरील बॅटरी पार्कच्या आसपास अंगावर धावून येणारे विक्रेते विकतात ती तिकिटे बहुधा नुसत्या जलविहाराची असतात. तेव्हा आधीच संकेतस्थळावर आरक्षण करावे, किंवा त्याच पार्कमधल्या कॅसल क्लिंटन या जुन्या गोल किल्ल्यातील खिडकीवरच तिकीट घ्यावे.

स्टॅटन आयलंडची बोट खरोखर फुकट आहे, चोवीस तास चालते, आणि सुमारे 25 मिनिटांच्या प्रवासात पुतळा दुरून छान दिसतो. संध्याकाळी तीत अवश्य बसावे. पण ती पुतळ्यापाशीही थांबत नाही आणि एलिस आयलंडलाही नाही, आणि एलिस आयलंडची इमारत बाहेरून पाहून काहीच कळत नाही. जे आहे ते आत आहे.

बहुतेकांना परत पाठवत, हे विधान मात्र अन्यायकारक आहे. 1892 ते 1954 या काळात सुमारे 1 कोटी 20 लाख माणसे या केंद्रातून गेली, आणि त्यांपैकी परत पाठवली गेलेली सुमारे 2 टक्के. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी सहसा जहाजावरच उरकत असे. बेटावर आणले जात ते तळाच्या डेकवरून आलेले गरीब. नोंदणीच्या दालनाकडे जिना चढताना कोणाला धाप लागते, कोण लंगडतो, यावर डॉक्टर वरून नजर ठेवून असत. शंका आली की अंगावरच्या कोटावर खडूने अक्षर काढले जाई: हृदयासाठी एच, डोळ्यांसाठी ई, पायांसाठी एल. खुपऱ्यांचा रोग शोधण्यासाठी बुटाची बटणे लावण्याच्या आकड्याने पापणी उलटी केली जाई, आणि तो रोग निघाला तर परतीची बोट जवळजवळ ठरलेलीच असे. एकट्या आलेल्या बाईला नातेवाइकाची तार किंवा पत्र येईपर्यंत सोडत नसत. साधारण पाचांतल्या एकाला काही तास ते काही आठवडे अडकून पडावे लागे. 2 टक्के हा आकडा लहान वाटतो, पण 1 कोटी 20 लाखांतले 2 टक्के म्हणजे दोन लाखांहून अधिक माणसे होतात, आणि त्यांत ताटातूट झालेली कुटुंबेही होती. हे दुःख खरे आहे. ते सांगण्यासाठी आकडे फुगवण्याची गरज नाही.

नावांची गोष्ट तर अमेरिकेतही घराघरांत सांगितली जाते. पण बेटावरचे निरीक्षक नावे लिहीतच नसत. प्रवाशांची यादी जहाजकंपनीने निघण्याच्या बंदरावर केलेली असे. निरीक्षक ती समोर ठेवून, गरज पडेल तेथे दुभाष्याच्या मदतीने, प्रश्न विचारत आणि उत्तरे ताडून पाहत. ज्यांच्या नावाचा विमानतळ न्यूयॉर्कमध्ये आहे, ते तेथले पुढचे महापौर फियोरेलो ला गार्डिया तरुणपणी येथेच दुभाषे होते. नावे बदलली ती बहुतेक पुढे, नोकरीत, शाळेत, नागरिकत्वाच्या अर्जात, आणि बरीचशी लोकांनी स्वतःहून.

राहिला भारतीयांचा मुद्दा. येथून गेलेल्यांत भारतीय अगदी थोडे होते, हे खरे. त्या काळी आलेले भारतीय मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावर उतरत, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतले एंजल आयलंड हे तिकडचे केंद्र 1910 ते 1940 चालले. मुले तिकडे असतील त्यांनी तेथे जावे, तेही बोटीनेच. 1917 च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद केले. पण म्हणून आपला संबंध संपत नाही. 1883 मध्ये आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा एलिस आयलंडचे केंद्र नव्हतेच. त्या वेळचे स्थलांतरितांचे केंद्र कॅसल गार्डन होते, म्हणजे आज आपण बोटीचे तिकीट घेतो तेच कॅसल क्लिंटन. आणि देशवार कोटा मोडणाऱ्या ज्या कायद्यामुळे पुढे मराठी डॉक्टर आणि इंजिनिअर मोठ्या संख्येने येऊ शकले, त्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी 3 ऑक्टोबर 1965 रोजी सही केली ती पुतळ्याच्या पायथ्याशी, याच बोटीच्या एका थांब्यावर. 2015 पासून संग्रहालयात 1954 नंतरच्या स्थलांतराचीही दालने आहेत. तेव्हा मुलगा-सून न्यू जर्सीत कसे पोहोचले, याचा इतिहास येथे नाही असे म्हणणे मला पटत नाही.

दिवस मोडतो म्हणाल, तर सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक धरल्यास दुपारी उशिरापर्यंत दोन्ही बेटे निवांत होतात; दुपारनंतर निघाल्यास मात्र एकावर पाणी सोडावे लागते. एडिसन किंवा जर्सी सिटीकडे राहणाऱ्यांनी मॅनहॅटनला जाण्याचा खटाटोप करू नये. न्यू जर्सीतल्या लिबर्टी स्टेट पार्कमधूनही ही बोट सुटते, तेथे गाडी लावता येते, आणि शेजारीच जुने रेल्वे टर्मिनल आहे, जेथून बेटावरून सुटलेली असंख्य कुटुंबे आगगाडीने देशभर पांगली. बोटीत चढण्याआधी विमानतळासारखी तपासणी होते, म्हणून सामान कमी न्यावे. ध्वनिमार्गदर्शक तिकिटातच मिळतो. तो टाळू नये. परतताना ज्या धक्क्यावरून निघालो तेथेच जाणारी बोट आहे ना, हे चढण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण एलिस आयलंडवरून मॅनहॅटन आणि न्यू जर्सी दोन्हीकडच्या बोटी सुटतात. नाताळच्या दिवशी आणि थँक्सगिव्हिंगला ही सेवा बंद असते.