मुलांना घेऊन हिवाळ्यात डोंगरात जाताय? आधी खोली ठरवा, ठिकाणं नंतर

हिवाळ्याच्या सुट्टीत डोंगरातल्या गावी जायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिली यादी होते ती काय काय बघायचं याची. माझं ठाम मत आहे की ही यादी सगळ्यात शेवटी करावी. आधी खोली ठरवावी, आणि तीही फोटो बघून नाही, प्रश्न विचारून.

हिवाळ्यात दिवस मुळात लहान. त्यात गाव दरीत वसलेलं असेल तर सूर्य एका डोंगरामागून उशिरा वर येतो आणि दुसऱ्यामागे लवकर जातो. घड्याळात सूर्यास्ताची वेळ काहीही असो, ऊन साडेतीन-चारलाच गेलेलं असतं आणि ते गेलं की गारठा झपाट्याने वाढतो. लहान मुलांना बाहेर ठेवता येईल असा वेळ साधारण सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. म्हणजे २४ पैकी १८ तास तुम्ही आत असणार. ते नीट गेले तर मूल बर्फात मनसोक्त खेळतं. रात्री झोप झाली नसेल, मोजे ओले असतील, तर कितीही सुंदर जागी नेलं तरी ते कडेवरून उतरत नाही.

खोली घेताना "हीटर आहे का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण उत्तर नेहमी "आहे" असंच येतं. हीटर कसला, किती वॅटचा, रात्रभर चालवू देतात की ठरावीक तासच, आणि वीज गेली तर जनरेटरवर हीटर चालतो का, हे विचारा. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जोरात बर्फ पडला की फांद्या तारांवर पडतात आणि वीज जाते, म्हणजे नेमकी थंडीच्याच रात्री. जनरेटर बहुतेक ठिकाणी असतो, पण त्यावर दिवे आणि मोबाइलचं चार्जिंग एवढंच चालतं. तसं असेल तर माणशी दोन जाड रजया मिळतील का, हे आधीच ठरवून घ्या.

कोपऱ्यातली, दोन बाजूंना मोठ्या खिडक्या असलेली खोली दृश्यासाठी उत्तम आणि उबेसाठी सगळ्यात वाईट. दोन भिंती बाहेरच्या, वर काचेतून उष्णता जाते. मुलं सोबत असतील तर मधल्या मजल्यावरची, दोन खोल्यांच्या मधली, कमी उंचीच्या छताची लहान खोली घ्या. दुपारी त्या खोलीत ऊन येतं का, हेही विचारा. दुपारी दोन तास ऊन खाल्लेली खोली आणि दिवसभर सावलीत असलेली खोली यांतला फरक रात्री आठ वाजता अंगाला कळतो.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. कोळशाची शेगडी, केरोसीनचा हीटर किंवा गॅसचा हीटर बंद खोलीत लावून झोपायचं नाही, मग मालक कितीही आग्रहाने आणून देवो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं उंचीच्या त्रासासारखीच असतात, म्हणून लोक 'हवा लागली असेल' म्हणून झोपी जातात, आणि तिथेच घात होतो. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, त्यामुळे त्यांना आधी बाधतो. बाथरूममध्येच गॅस गीझर बसवलेला असेल तर तीच भीती. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मुठीएवढा असतो. तो बॅगेत टाका. विजेचा हीटर थेट भिंतीच्या सॉकेटमध्येच लावा, साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर नको. २००० वॅटच्या भाराने बोर्ड तापतो, वितळतो. पडदा, रजई, वाळत घातलेले कपडे हीटरपासून किमान एक मीटर लांब.

आता गरम पाणी. "चोवीस तास गरम पाणी" याचा अर्थ बऱ्याचदा १५ लिटरचा गीझर एवढाच असतो. नळाचं पाणी ५ अंशांवर असेल तर २००० वॅटचा गीझर ते ५५ अंशांपर्यंत न्यायला जवळजवळ अर्धा तास घेतो. त्यात गार पाणी मिसळून ४० अंशांचं अंघोळीचं पाणी होतं साधारण २१ लिटर, म्हणजे जेमतेम एक मोठी बादली. चौघांच्या अंघोळी म्हणजे दोन तास, आणि सकाळचे ते दोन तास म्हणजे तुमच्या उन्हाचा मोठा वाटा. त्यामुळे मुलांची अंघोळ बाहेरून परत आल्यावर, दुपारी चारच्या सुमारास ठेवा, तीही एक दिवसाआड. रोज गरम पाणी आणि साबणाने मुलांची कातडी आधीच कोरड्या हवेत फुटते. रात्री झोपण्याआधी दोन बादल्या पाणी भरून ठेवा, कारण पहाटे पाइप गोठला की संडासातही पाणी येत नाही.

हीटरने खोलीतली हवा इतकी कोरडी होते की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलांच्या नाकातून रक्त येतं आणि घरचे घाबरतात. झोपताना नाकात सलाइनचे थेंब, नाकपुडीच्या कडेला व्हॅसलीनचा पातळ हात आणि खोलीत पाण्याचं पसरट भांडं, एवढं बहुतेकदा पुरतं. रक्त आलंच तर मान मागे टाकायची नाही. थोडं पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबून धरायचा. खोली फार तापवूही नका, १८ ते २० अंश भरपूर झाले. गरम पाण्याची पिशवी अंथरुणात आधी फिरवा आणि मूल झोपायच्या आधी काढून घ्या. तान्ह्या बाळावर जाड रजई टाकू नका, अंगावरचे थर वाढवा.

आणि कपडे वाळवायची जागा. याबद्दल कुणी विचारत नाही आणि तिसऱ्या दिवशी सगळे याच कारणाने अडतात. बर्फात एक तास खेळलं की हातमोजे आत भिजतात आणि थंड खोलीत ते रात्रभरात वाळत नाहीत. म्हणून प्रत्येक मुलाचे हातमोज्यांचे तीन जोड न्या. बुटांचे आतले तळवे काढून वेगळे ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी ते बदला. पहिले बोळे सगळ्यात जास्त पाणी ओढतात. न बदलता तसेच ठेवले तर बूट सकाळी ओलेच मिळतात. बूट हीटरसमोर ठेवून वाळवू नका, तळ सुटतो.

खोलीनंतर उंची. गाव समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे, हे बुकिंगच्या आधी बघा. २००० मीटरपर्यंत फारशी चिंता नाही. २५०० मीटरच्या वर उंचीचा त्रास होऊ शकतो आणि ३००० च्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. बहुतेक कुटुंबं चुकतात ती इथे: पहिल्या संध्याकाळी पोचायचं आणि दुसऱ्या सकाळी लगेच बर्फ बघायला साडेतीन-चार हजार मीटरच्या खिंडीत जायचं. पहिला पूर्ण दिवस गावातच, चालत फिरण्याचा ठेवा. वरची खिंड तिसऱ्या दिवशी, तीही दोन-तीन तास थांबून परत.

उलटी झाली की ती गाडी लागल्याची की उंचीची, हा गोंधळ नेहमी होतो. गाडी लागलेली असेल तर गाडी थांबून मूल खाली उतरलं की तास-दोन तासांत सावरतं. उंचीचा त्रास बहुतेकदा पोचल्यावर काही तासांनी सुरू होतो आणि रात्री वाढतो. बोलतं मूल डोकं दुखतं म्हणून सांगेल. छोटं मूल फक्त किरकिर करतं, खात नाही, झोपत नाही, खेळायला ठेवलं तरी खेळत नाही. अशा वेळी आणखी वर जायचं नाही, आणि त्रास वाढत असेल तर रात्र असली तरी खाली उतरायचं. मूल झोकांड्या खात असेल, गोंधळलेलं असेल किंवा बसल्या जागी धापा टाकत असेल तर उतरता उतरताच दवाखाना गाठायचा. निघण्याआधी आठवडाभर छातीत कफ असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल, तर डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगूनच विचारा. नुसतं "फिरायला जातोय" म्हटलं की ते हो म्हणतात.

घाटाच्या प्रवासाला नकाशा दाखवतो त्याच्या दीडपट वेळ धरा. शेवटचा घाट उजेडात संपला पाहिजे, या हिशेबाने सकाळी निघा. सावलीतलं वळण आणि पूल इथे पातळ बर्फ धरतो, तो रस्त्यावरच्या ओलीसारखाच दिसतो. मुलांना उपाशी ठेवू नका, दुधाने पोट गच्चही भरू नका. कोरडं, थोडं थोडं द्या. मोबाइल हातात नको, नजर समोरच्या काचेतून बाहेर. गाडी लागू नये म्हणून औषध द्यायचं असेल तर ते चढ सुरू होण्याआधी अर्धा-एक तास, आणि मात्रा मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनीच ठरवलेली. फुगीर जॅकेट घालून मुलाला कार सीटच्या पट्ट्यात अडकवू नका. जॅकेट दाबलं जातं आणि पट्टा प्रत्यक्षात सैल राहतो. पट्टा आधी आवळा, जॅकेट वरून उलटं पांघरा.

गाडीत अन्न, पाणी, ब्लँकेट, डायपर आणि भरलेली टाकी असूद्या, कारण पहिला बर्फ पडला की रस्ता तासन्‌तास तुंबतो. अडकलात आणि उबेसाठी इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढा, नाहीतर धूर गाडीत येतो. इंजिन अधूनमधून दहा मिनिटं चालवा, एक काच बोटभर उघडी ठेवून. रात्री गाडी उभी करताना गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. ओला हँडब्रेक गोठला तर सकाळी सुटत नाही.

कपड्यांवर एवढंच सांगेन की अंगाला लागणारा थर सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मूल थांबलं की गार पडतं. आत लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा, मध्ये फ्लीस, वर पाणी न शिरणारं जॅकेट. एक जाडजूड कोट घेण्यापेक्षा हे तीन थर बरे, कारण काढता-घालता येतात. पायात मोजा एकच, जाड. दोन मोजे कोंबले की बूट घट्ट होतो, रक्त पोचत नाही आणि बोटं उलट जास्त गार पडतात. बुटात बोटं हलली पाहिजेत. गळ्यात लांब मफलर नको, घसरगाडीत अडकतो. डोक्यावरून घालायची गळपट्टी घ्या. बर्फाच्या जागी भाड्याने मिळणारे कोट आणि गमबूट घेताना आत हात घालून बघा. आधीच्या माणसाच्या घामाने किंवा बर्फाने ते अनेकदा ओले असतात.

तापमानासोबत वारा बघायची सवय लावा. उणे १० अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. पाठीवरच्या कॅरिअरमध्ये बसलेलं बाळ तर हलतच नाही. तुम्हाला चढताना घाम आलेला असतो आणि त्याचे पाय लोंबकळत गार पडतात. हाताचे तळवे बघून अंदाज घेऊ नका, मानेमागे कपड्यात बोट घालून बघा. गालावर, नाकाच्या शेंड्यावर पांढुरका ठिपका दिसला की लगेच आत. तिथे चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. उबदार तळहात नुसता टेकवून ठेवायचा. खेळ ४०-४५ मिनिटांचा, मग आत येऊन काहीतरी गरम पिणं, मग वाटल्यास पुन्हा. कुडकुडणारं मूल एकदम गप्प झालं तर ते बरं लक्षण नाही.

उन्हाकडे हिवाळ्यात सगळे दुर्लक्ष करतात. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांखालीसुद्धा सनस्क्रीन लावायचं. गॉगल खेळण्यातला नको, अतिनील किरणं पूर्ण अडवणारा हवा. डोळे भाजले तर ते तेव्हा कळत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, मूल डोळ्यांत वाळू गेल्यासारखं रडायला लागतं.

घसरगाडीचा उतार निवडताना वरची सुरुवात बघण्याआधी खालचा शेवट बघा. पुढे सपाट मोकळी जागा हवी. झाड, दगड, रस्ता, ओढा काही नको. पाय पुढे करून बसायचं, हेल्मेट घालायचं. गोठलेल्या तळ्यावर इतर लोक चालताहेत म्हणून मुलांना सोडू नका. वर बर्फ साचलेला असला की खालचा थर किती जाड आहे ते दिसत नाही.

इतकं झालं की मग ठिकाणांची यादी काढा. दिवसाला एकच ठिकाण, तेही मुक्कामापासून तासाभराच्या आत. परतीच्या विमानाच्या किंवा रेल्वेच्या आदली रात्र वर काढू नका, घाट उतरून खाली मुक्काम करा. बर्फाने रस्ता बंद झाला तर तो बहुतेकदा सकाळी साफ होतो, आणि तुमची गाडी सकाळीच सुटायची असते. ही खालची खोली परत मिळणाऱ्या पैशांच्या अटीवर बुक करा, आणि वरच्या मालकाला आधीच विचारून ठेवा की रस्ता बंद झाला तर एक रात्र वाढवून मिळेल का आणि कोणत्या दराने.