नुसतं "चालायला जा" म्हणून भागत नाही

आईला मी दोन वर्षं एकच सांगत होते, "अगं, चालायला जा." पावलं मोजणारं घड्याळही बांधून दिलं मनगटावर. रोज दहा हजार काही होईनात, म्हणून महिन्याभरात तिनं ते काढून ठेवलं. हा दहा हजारांचा आकडा 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला, हे मला फार उशिरा कळलं. त्या आकड्यापायी तिला उगाच अपराधी वाटायला लावलं, याचं आजही वाईट वाटतं.

खरी अडचण दिसली ती खुर्चीतून उठताना. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवायचे, पुढे झुकायचं, एकदा धपकन मागे बसायचं, मग "आई गं" म्हणत उठायचं. चालायची तिला आवड होतीच. पण वाटेत कुठे बसले आणि उठताच आलं नाही तर, ही धास्ती होती. आणि मी तिला आळशी म्हणत होते!

"या वयात आता काय व्हायचंय" हे वाक्य तर कृपा करून बोलूच नका. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या, अशक्त झालेल्या 10 जणांकडून पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला होता, अर्थात देखरेखीखाली. 8 आठवडे तो पुरा करणाऱ्या 9 जणांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! जागतिक आरोग्य संघटनाही 65 च्या पुढच्यांना चालण्याबरोबर ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगते. आपण मात्र चालण्यापाशीच थांबतो.

डॉक्टरांना विचारून आम्ही सुरुवात केली. सकाळी दात घासून झाले की भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत पाच वेळा उठबस, बस्स. वेळ ठरवली नव्हती, दात घासणं ठरलेलंच होतं. त्याला जोडून दिल्यामुळे आठवण करायची गरज उरली नाही, आणि माझी कटकटही थांबली.

मध्ये तापानं आठ दिवस गेले. पूर्वी इथेच सगळं सुटायचं, कारण "मोडलं की गं" म्हणून ती खचायची आणि मी चिडायचे. या वेळी कुणी काही बोललं नाही. नवव्या दिवशी दोनच उठबशा झाल्या. आता दहा होतात, शेवटच्या तीन हात न टेकता.