टिकतो का?

संत्र्याच्या फुलांचा परफ्यूम घ्यायला दुकानात शिरलेल्या मराठी माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘‘टिकतो का?’’ वास कसा आहे, ते नंतर. सुटकेस, प्रेशर कुकर आणि जावई यांना लावायची कसोटी आपण अत्तरालाही लावतो. काउंटरवरचा माणूसही मुरलेला. ‘‘आठ तास, साहेब!’’ तो बिनदिक्कत सांगतो. माझं म्हणणं एवढंच, की पाच-सातशे रुपयांचा संत्र्याच्या फुलांचा वास मे महिन्यात आठ तास टिकत असेल, तर टिकतंय ते दुसरंच काहीतरी.

या फुलांचा जो टवटवीतपणा आपल्याला हवा असतो, तो मुख्यतः लिनालूल आणि लिनालिल अॅसिटेट या हलक्या द्रव्यांचा. ती पटकन उडतात, ऊन असेल तर आणखी पटकन. मागे उरतो तो तळाचा पांढरा मस्क, म्हणजे कृत्रिम कस्तुरी. संध्याकाळी मनगट हुंगून ‘‘अजून येतोय!’’ म्हणत आपण खूश होतो, तेव्हा येत असतो तो धुतलेल्या चादरीचा वास. फूल केव्हाच घरी गेलेलं असतं.

दुसरा घोळ अपेक्षेचा. बाटलीवर संत्रं दिसलं की लोकांना लिमलेटची गोळी आठवते. आंबिया बहराच्या वेळी, जानेवारी-फेब्रुवारीत, नागपूर-अमरावतीकडच्या बागांतून जो हिंडला आहे त्याला फुलाचा आणि फळाचा वास वेगळा असतो हे सांगावं लागत नाही. पण परफ्यूमवाल्यांचं फूल नागपुरी संत्र्याचंही नव्हे, ते कडू संत्र्याचं. ट्युनिशियातल्या नाबल भागात आणि मोरोक्कोत ती फुलं वसंतात हातानं खुडतात. वाफेवर ऊर्ध्वपातन करून जे तेल निघतं ते नेरोली. साधारण एक टन फुलांमागे एक किलो.

आता त्रैराशिक मांडू. नेरोलीचा किलोचा भाव तीन लाख धरला, तर ग्रॅम पडला तीनशेला. 50 मिलिच्या ओ द टॉयलेटमध्ये, म्हणजे परफ्यूमच्या हलक्या प्रकारात, दहा टक्के सुगंधी द्रव्य म्हणजे अंदाजे 5 ग्रॅम. सगळं नेरोली घातलं तर नुसता मालच पंधराशेचा. म्हणून सहाशेच्या बाटलीवर ‘अस्सल नेरोली’ वाचलं की मला त्या लेबल लिहिणाऱ्याचं कौतुक वाटतं.

स्वस्त बाटलीत असतं ते पेटिटग्रेन, म्हणजे त्याच झाडाच्या पानाफांद्यांचं तेल, आणि बाकी प्रयोगशाळेतली द्रव्यं. यात कमीपणा काही नाही, प्रमाण मात्र सांभाळलेलं हवं. मिथाइल अँथ्रानिलेट जास्त झालं की बाटलीतून द्राक्षाचं सरबत येतं. इंडोल खऱ्या फुलातही असतं आणि त्यानंच फुलाला अंग येतं. पण हात सैल सुटला, की घरातलं कोणीतरी विचारणारच, ‘‘शालू काढलास का गं कपाटातून?’’ कारण डांबराच्या गोळ्या. लेबलवर हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल असेल आणि रंग पिवळट-केशरी असेल, तर पांढऱ्या कुर्त्यापासून लांब ठेवा. हे द्रव्य आणि मिथाइल अँथ्रानिलेट एकत्र आले की ऑरँटिऑल बनतं. वास सुरेख, डाग त्याहून पक्का.

दुकानात पहिल्या फवाऱ्यावर निर्णय घेऊ नये, तेव्हा नाकात जातं ते अल्कोहोल. कागदी पट्टीवर मारून पंधरा-वीस मिनिटं थांबा. पसंत पडला तर कोपराच्या खोबणीत एक फवारा मारून, वर बाही ओढून सरळ उन्हात चालू पडा. एसीत सगळेच परफ्यूम सभ्य वागतात. उन्हात अर्ध्या तासानं साबण, द्राक्ष किंवा कपाट यांपैकी काही डोकावलं नाही, तर परत जाऊन घ्या. एका वेळी तीनच वास. चौथ्यापासून नाक मुकाट्यानं मान डोलावतं. मधे कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्यापेक्षा स्वतःची बाही हुंगलेली बरी.

लावण्याचंही तसंच. आंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर, त्यावर वीतभर अंतरावरून दोन-तीन फवारे. काखेत नको: घामाशी भांडण होतं, आणि नुकती दाढी केलेल्या गालावर मारलात तर भांडण तुमच्याशीच होतं. परफ्यूममध्ये बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल असेल, तर त्यात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं. ते काढून टाकलेलं नसेल तर उन्हात कातडीवर काळपट चट्टे उठू शकतात. म्हणून मानेपेक्षा कपड्याखालची जागा बरी. विदर्भाच्या कोरड्या उन्हात वास भर्रकन जातो, मुंबईच्या दमट हवेत घामाला चिकटून राहतो. त्यामुळे तिकडे दुपारी पुन्हा मारायला 10 मिलिचा छोटा स्प्रे खिशात हवा आणि इकडे एक फवारा कमी.

खरी गंमत नाकाची आहे. स्वतःला लावलेला वास थोड्या वेळानं आपल्याला येईनासा होतो, नाक सरावतं. शिवाय काही मस्क काही माणसांना येतच नाहीत. मग ‘‘उडाला वाटतं’’ म्हणत आपण आणखी चार फवारे मारतो आणि लिफ्टमध्ये शिरतो. लिफ्टमधली माणसं सातव्या मजल्याऐवजी तिसऱ्यालाच उतरून जिन्यानं जायला लागली, की समजावं, उडाला नव्हता. संशय आला तर दुसऱ्याला विचारावं, शक्यतो न रागावणाऱ्याला.

बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणाऱ्यांना काय म्हणावं? उष्णतेनं आणि हवेनं लिमोनीन हे लिंबूवर्गीय वासाचं द्रव्य ऑक्सिडाइज होतं आणि वासात टर्पेंटाइनची झाक येते. शिवाय आत बहुतेक अल्कोहोलच, म्हणजे ज्वलनशील माल. बाथरूमही नको. अंधारं कपाट उत्तम.

यातलं काहीच झेपत नसेल तर नेरोली काढताना उरणारं फुलांचं पाणी घ्या. अरबी पदार्थ मिळतात तिथे ते खाद्यपदार्थ म्हणून परफ्यूमपेक्षा बऱ्याच स्वस्तात मिळतं. घटकांत फक्त पाणी आणि फुलांचा अर्क असलेलं निवडा, नाहीतर इसेन्स घातलेलं पाणी गळ्यात पडतं. बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये. रुमालावर शिंपडलं की पंधरा मिनिटं स्वर्ग. सरबतात घालायचं झालं तर ग्लासाला पाव चमचा पुरे. अख्खा चमचा ओतलात की साबणाची चव येते आणि पाहुणे ‘‘छान आहे हं’’ म्हणत ग्लास नुसता हातात धरून बसतात.